येतानाचे तास

विमानांना जेवण पुरवणाऱ्या त्या किचनमध्ये ट्रे लावायच्या सरकत्या पट्ट्यापाशी एक बाई उभी असे, तिला सगळे तासबाई म्हणत. तिचं खरं नाव हजेरीच्या मशीनला तेवढं माहीत होतं आणि मशीन कुणाशी बोलत नसे. सतरा वर्षं ती त्याच पट्ट्याच्या त्याच टोकाला उभी होती. ट्रेवर कागद, कागदावर पाव, पावाला टेकून लोणी, उजव्या कोपऱ्यात सॅलडची वाटी, शेवटी काट्याचमच्याची पुडी. मिनिटाला सात ट्रे. समोरच्या भिंतीवर पांढरा फळा, फळ्यावर त्या दिवशी सुटणारी विमानं, आणि प्रत्येकापुढे दोन आकडे: किती तासांचं आणि किती जेवणांचं. चार तासांच्या आत असेल तर एक ट्रे. चारच्या वर दोन. तेराच्या वर गेलं तर दोन ट्रे आणि मधल्या भुकेला सँडविचचा डबा.

तासबाई स्वतः विमानात कधी बसली नव्हती. पण आसपासच्या चार गल्ल्यांत कुणाचा जावई परदेशी निघाला की त्याची सासू तिकीट दाखवायला आधी हिच्या दारात. तिकिटावरचं बारीक अक्षर वाचायच्या भानगडीत ही पडत नसे. डावा डोळा मिटायची, छताकडे बघायची आणि निकाल द्यायची: नऊ तास चाळीस मिनिटं, दोनदा जेवायला मिळेल, दुसऱ्यांदा नूडल्स देतील त्या खाऊ नका म्हणावं, मीच लावलेल्या असतात. आकडा कधी चुकला नाही. जावई पोहोचल्यावर फोन करत आणि सासवा येऊन सांगत, अगदी मिनिटावर गं बाई. हे ऐकताना ती पदराशी चाळा करायची आणि त्यात काय एवढं म्हणायची, पण असं म्हणताना तिची मान अर्धा इंच वर जात असे.

फळ्यावरची एक ओळ मात्र तिची घरची होती. लांबच्या विमानांपैकी एक. दहा हजार चारशे किलोमीटर, बारा तास दहा मिनिटं, दोन ट्रे. त्या विमानाच्या पलीकडच्या टोकाला तिची ताई राहत होती.

ताई अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा ही पाच वर्षांची. वेण्या घालणं, शाळेचा डबा, दात हलायला लागला की दोरा बांधून दाराला अडकवणं, सगळं ताईने केलं. एकोणीस वर्षांपूर्वी भाऊजींना त्या लांबच्या शहरात बेकरीत काम मिळालं आणि ताई गेली. इथल्या दोन खोल्या धाकटीला ठेवून गेली. घरात तासबाईला सगळे धाकटीच म्हणत, आता केस पांढरे झाले तरी. ताई गेल्यानंतर दोन वर्षांनी हिने किचनमध्ये नोकरी धरली, आणि विचारलं तर सांगायची की पगार बरा होता. पण पहिल्या दिवशी फळ्यावर ती ओळ दिसली तेव्हा तिने त्या विमानाचे ट्रे इतके नीट लावले, की सुपरवायझरने येऊन विचारलं होतं, यात कुणी मंत्री जातोय का.

आता ताईची फुफ्फुसं संपत आली होती. नाकाला नळी, नळीला मशीन. डब्याच्या पिशवीएवढं मशीन घूं घूं करत हवेतला ऑक्सिजन ओढून ताईला देत होतं. घरात प्लगवर चालायचं, बाहेर बॅटरीवर. तिथल्या डॉक्टरने स्वच्छ सांगितलं होतं की आता आठवडे मोजायचे, आणि घरी न्यायचं असेल तर याच आठवड्यात. पुढच्या आठवड्यात विचाराल तर मी सही करणार नाही. ताईला घरीच यायचं होतं. त्या दोन खोल्यांतल्या आतल्या खिडकीपाशी झोपायचं होतं. खिडकीतून शेजारच्या गच्चीवरची पाण्याची टाकी सोडून काही दिसत नसे, पण टाकी तर टाकी. तासबाईने पलंग ओढून खिडकीला लावला, चादर धुतली, वाळवली, पुन्हा धुतली.

भाऊजींचा फोन आला तो बॅटऱ्यांसाठी. भाऊजी प्रत्येक वाक्य दोनदा बोलत, दुसऱ्यांदा जरा हळू, जणू स्वतःलाच पटवून देताहेत. म्हणाले, एजंट म्हणतो तेरा-चौदा तास धरा. तेरा-चौदा तास धरा. तिकिटावर दोन गावांची दोन घड्याळं आहेत, वजाबाकी करायला गेलो तर कधी अकरा येतात, कधी सतरा. कधी सतरा.

तासबाई हसली. एजंटांना काय कळतं, असं ती हसली. म्हणाली, “बारा तास दहा मिनिटं. सतरा वर्षं मी ते विमान भरतेय, भाऊजी.”

मग दोघांनी फोनवर हिशेब केला. एक बॅटरी तीन तास. मशीन देणाऱ्याने सहा घ्या म्हणून सांगितलं होतं. विमानात चढल्यापासून बाहेर पडेपर्यंत धरले तर चौदा तास होत नाहीत, म्हणजे पाच पुरतात. पाचातली एक म्हातारी आहे, ती दोनच तास चालते, हे भाऊजींनी दोनदा सांगितलं. तरीही पुरतात. सहावी घ्यायला भाऊजींची ना नव्हती, पण हातातल्या पिशवीत ती तरी राहील किंवा ताईची उशी तरी. ताईला तिची स्वतःची उशी हवी होती, दुसऱ्या उशीवर तिला श्वास लागे. तासबाईने क्षणभरही विचार केला नाही. म्हणाली, “सहावी ठेवा तिथेच. उशी आणा. बारा तास तिची मान कशी राहील?”

ही सगळी चूक. एवढीच.

त्या दिवशी ती सकाळी सातला कामाला आली तेव्हा विमान उडून साडेतीन तास झाले होते. पहाटे साडेतीनला उडालं, म्हणजे दुपारी तीन चाळीसला उतरणार. तिची पाळी तीनलाच सुटे. किचनच्या फाटकापासून टर्मिनलपर्यंत चालत वीस मिनिटं. घरून निघताना पिशवीत कंगवा घेतला होता, कारण ताई केस विस्कटलेल्या अवस्थेत कुणासमोर जात नसे. पट्ट्यावर सगळ्यांना सांगून झालं होतं. पावाच्या ट्रॉलीवाल्यालाही सांगून झालं होतं, आणि तो त्या दिवशी नवीनच आला होता.

दहाच्या चहाला ती मागच्या अंगणात गेली. इथे किचनची रचना सांगायला हवी. मधे एक भिंत. भिंतीच्या या बाजूला जाणाऱ्या विमानांचं जेवण लागतं. त्या बाजूला आलेल्या विमानांतले खरकटे ट्रे उतरतात आणि धुतले जातात. या बाजूचे बूट पांढरे, त्या बाजूचे निळे, आणि निळा बूट पांढऱ्या फरशीवर पडला तर अख्खी फरशी पुन्हा धुवावी लागे. सोळा वर्षं तर धुण्याचा विभाग वेगळ्याच इमारतीत होता. भिंतीपलीकडे आला त्याला वर्षही झालं नव्हतं. दोन्ही बाजू एकत्र येत त्या फक्त चहाच्या टेबलापाशी.

तिथे फेसमावशी बसली होती. फेसमावशीचं अर्धं आयुष्य भांडी धुण्याच्या मशीनशेजारी गेलेलं, त्यामुळे समोर बसलेल्या माणसाशीही ती नदीच्या पैलतीरावर उभं असल्यासारखी बोले. तासबाईने तिला बातमी दिली, बहीण येतेय, तीन चाळीसला. मावशीने बशीत चहा ओतला आणि अंगणभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, कुठल्या विमानाने. तासबाईने सांगितलं.

“तीन चाळीस कुठलं? ते साडेपाचच्या आधी कधी आलंय?” मावशी म्हणाली. “संध्याकाळच्या पाळीची हाडं मोडतं ते विमान. दोन-दोन ट्रे माणशी, आणि वर ते सँडविचचे डबे.”

तासबाई म्हणाली, सँडविच नसतं त्यात. बाराचं विमान आहे, दोन ट्रे.

मावशी म्हणाली, तुम्ही देत नसाल, पण तिकडून देतात. रात्री साठलेले डबे सकाळी मीच चेपते. नऊ महिने चेपतेय.

सँडविच तेराच्या वर. हा नियम तासबाईला कुणी शिकवायला नको होता.

तिच्या हातातला कप टेबलावर कधी ठेवला गेला हे तिला कळलं नाही. शेजारी लिफ्टवाला बिस्कीट बुडवत उभा होता. जेवणाचा डबा विमानाच्या दारापर्यंत उचलणारी गाडी तो चालवे, म्हणून लिफ्टवाला. त्याला वाक्यं पुरी करायची सवय नव्हती. अर्धं तोंडाने बोलायचा आणि उरलेलं भुवयांनी. म्हणाला, वरचा वारा ना. जाताना पाठीत, येताना… आणि भुवया छातीवर आदळल्यासारख्या खाली आल्या.

तासबाईने विचारलं, पण अंतर तेवढंच आहे ना. दहा हजार चारशे.

अंतर तेवढंच, तो म्हणाला. तास मात्र चौदा आणि पाच मिनिटं… भुवया वर.

सतरा वर्षं तिने त्या विमानाला जाताना पाहिलं होतं. येताना कधी नाही. फळ्यावर येणारी विमानं नसतात; येणाऱ्यांना जेवायला इकडून कुणी घालत नाही. तीनला पाळी सुटे, ती बस पकडून घरी जाई, आणि तिच्या पाठीमागे ते विमान रोज साडेपाचला उतरत असे.

तिने बोटांवर मोजलं. मग पुन्हा मोजलं. पावणेतीनला ताईला विमानात चढवलं असणार, मशीन बॅटरीवर आलं. चार बॅटऱ्या, बारा तास. म्हातारी, दोन तास. पावणेपाचला शेवटची संपली. विमान उतरणार पाच पस्तीसला. व्हीलचेअरवाल्यांना सगळ्यात शेवटी काढतात, म्हणजे सव्वासहा. मधला दीड तास ताई कशावर काढणार?

तिने लिफ्टवाल्याला विचारलं, सीटला प्लग असतो ना. त्याने त्या विमानाचं पोट आतून पाहिलेलं. पुढच्या महागड्या सीटना असतो, तो म्हणाला. मागे फक्त फोनपुरता. त्यावर मशीन… पुढचं भुवयांनीही सांगितलं नाही.

तासबाई धावत लॉकरकडे गेली. किचनमध्ये फोन आणू देत नसत. भाऊजींचा फोन बंद लागला. आकाशात होता तो, लागणार कसा. तरी तिने अकरा वेळा लावला. मग विमान कंपनीचा नंबर. तिथे एक बाई आधी रेकॉर्डवर बोलली, तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि मग दुसरी खरी बाई आली ती हुबेहूब पहिलीसारखीच बोलत होती, तेच सूर, तेच थांबणं, त्यामुळे तासबाईला अर्धा मिनिट कळेचना की उत्तर द्यायचं की नाही. खऱ्या बाईने सांगितलं की प्रवाशांची माहिती देता येत नाही. तासबाई म्हणाली, मला माहिती नकोय, मला माहिती द्यायचीय. बाईने सांगितलं की वैद्यकीय विनंती उड्डाणाच्या अठ्ठेचाळीस तास आधी करावी. धन्यवाद म्हणाली आणि गेली.

एवढ्यात सुपरवायझर तिला शोधत आला. सुपरवायझर सगळं ‘आपण’ने बोलायचा. कुणाचं बोट कापलं तरी म्हणायचा, आपल्याला लागलंय का, आपण पट्टी लावू. पट्ट्यावरच्या पोरी त्याच्या पाठीमागे त्याची नक्कल करत. तासबाईने त्याला सगळं सांगितलं, बॅटऱ्या, वारा, उशी, सगळं उलटसुलट. त्याने ऐकलं, खरंच ऐकलं, डोक्यावरची जाळीची टोपी काढून ऐकलं. मग म्हणाला, आपण घाबरायचं नाही. आपल्याला विमानापर्यंत जायची परवानगी नाही. आपण मोठ्या साहेबांना मेल टाकू. तोपर्यंत आपण हातमोजे घालू आणि पट्ट्यावर उभं राहू, कारण आपण इथे बसून रडलो तर विमान लवकर येणार नाही.

यातलं शेवटचं खरं होतं, आणि म्हणून ते सगळ्यात जास्त लागलं.

तिने ट्रेवर चिकटवायची लेबलं उचलली. त्यावर ती रोज विमानाचा नंबर आणि तास लिहीत असे. आज तिने विमानाचा नंबर लिहिला आणि खाली, जेमतेम मावेल अशा अक्षरात: सीट ३१ क. बाई, ऑक्सिजनचं मशीन. बॅटरी पावणेपाचला संपेल. विमानातला सिलिंडर तिच्यासाठी राखून ठेवा. तिची बहीण. खाली फोन नंबर. तासांच्या रकान्यात तिने आधी सवयीने १२.१० लिहिलं होतं. ते खोडून १४.०५ केलं, तेव्हा पेन लेबलातून आरपार गेलं.

लेबल तिने लिफ्टवाल्याच्या हातात दिलं. तो विमानांपाशी जाऊ शकत होता, आणि त्या कंपनीच्या कारकुनाला ओळखत होता. त्याने लेबल वाचलं, शर्टाच्या खिशावर बिल्ल्यासारखं चिकटवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा पुरं वाक्य बोलला. म्हणाला, “मी त्याच्या हातात देतो आणि तो वाचेपर्यंत तिथून हलत नाही.”

मग पट्टा. कागद, पाव, लोणी, वाटी, पुडी. मिनिटाला सात. प्रत्येक ट्रेगणिक ती मोजत होती आणि मोजायचं थांबवता येत नव्हतं. साडेअकरा: आता तिसरी बॅटरी संपत आली असेल. पावणेबारा: चौथी लावली. भाऊजी पहिल्यापासूनच घाबरट, पण हाताने नीट आहेत, बदलतील नीट. त्यांना समोरच्या पडद्यावर दिसलं असेल का किती तास उरले ते? दिसलं असेल तर त्यांनी काय केलं असेल? समजा पडद्यावर चौदा पाहून त्यांनी मनात म्हटलं असेल की पडदा चुकतोय, धाकटी बारा म्हणालीय. हे मनात आलं आणि तिने एका ट्रेवर तीन पाव ठेवले. पुढच्या पोरीने दोन काढून घेतले.

साडेबाराला लिफ्टवाला परतला. सगळा पट्टा त्याच्याकडे बघायला लागला. तो दारातूनच म्हणाला, दिलं. वाचलं त्याने. तासबाईने विचारलं, मग?

“बघतो म्हणाला.”

त्या एका शब्दाची पट्ट्यावर दीड तास चिरफाड झाली. एक पोर म्हणाली, बघतो म्हणजे करतो. दुसरी म्हणाली, माझा नवरा गेली सहा वर्षं नळ बघतोय. तिसरीने लिफ्टवाल्याला विचारलं, कसा म्हणाला, मान हलवून की न हलवता. लिफ्टवाल्याने करून दाखवलं: डोळे कॉम्प्युटरवर, मान जागची जागी, ‘बघतो’. तासबाई म्हणाली, पुन्हा करून दाखव. त्याने पुन्हा केलं. तिने तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तो म्हणाला, बाई, आता मला आठवत नाही खरं कसं म्हणाला ते.

दोनच्या सुमाराला संध्याकाळी जाणाऱ्या लांबच्या विमानाचे ट्रे सुरू झाले. तेच विमान. ताईला आणणारं विमान उतरलं की धुऊन-पुसून तेच परत जायचं. बारा तास दहा मिनिटं, दोन ट्रे. फळ्यावरची ती ओळ तिने सतरा वर्षं जपमाळेसारखी वाचली होती. आता तिला तिच्याकडे बघवेना. तीनला सुपरवायझर स्वतःच आला आणि म्हणाला, आपण आता जाऊ या. मग जरा थांबून, अगदी खालच्या आवाजात, म्हणाला, “तुम्ही जा.” ‘आपण’ म्हणायचं तो विसरला.

टर्मिनलच्या बाहेर येण्याच्या दारासमोर स्टीलचा कठडा होता. अलीकडे नावांच्या पाट्या धरून उभे ड्रायव्हर. वरच्या मोठ्या बोर्डावर ते विमान होतं, वेळ पाच पस्तीस. ती तिथे रोज लिहिलेली असणार. कुणीही येऊन वाचावी अशी, हातभर मोठ्या आकड्यांत. किचनपासून वीस मिनिटांवर. तिने एकदा येऊन वर मान केली असती तर. जे आपल्याला पाठ आहे ते माणूस कशाला वाचायला जातो?

चार वाजले. साडेचार. पावणेपाचला तिने कठडा दोन्ही हातांनी धरला आणि स्वतःचा श्वास रोखून बघितला. बघायचं होतं की माणूस किती वेळ राहतो. चाळीस मोजेपर्यंत राहिली. मग स्वतःचीच लाज वाटली आणि दोन-तीनदा खोल श्वास घेतला, तर त्याचीही लाज वाटली.

पाच वीसला बोर्डावरचा आकडा बदलला. पाच पस्तीसचे पाच पन्नास झाले. शेजारच्या पाटीवाल्या ड्रायव्हरने जांभई दिली आणि म्हणाला, पंधराच मिनिटं, काही नाही. त्याला काय माहीत. तासबाईने त्याच्याकडे बघितलं आणि का कोण जाणे त्यालाच सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून, फळा, भिंत, निळे बूट. तो हातातली पाटी हळूहळू खाली करत गेला. शेवटी म्हणाला, उशी कशाला आणायला सांगितली पण? हा प्रश्न तिला दिवसभर कुणी विचारला नव्हता. तो कुणीतरी विचारावा म्हणून तर ती सगळ्यांना सांगत सुटली होती.

विमान पाच अठ्ठेचाळीसला उतरलं. सहाला माणसं यायला लागली, ढकलगाड्या, पोरं, फोन कानाला. सव्वासहाला माणसं यायची थांबली. दार दोनदा आपोआप उघडलं आणि कुणी नसताना मिटलं. मग एक पिवळं जाकीट घातलेला माणूस आला आणि त्याने मोठ्याने विचारलं, ३१ क च्या बहीण कोण?

तिला कठड्याखालून जायचं सुचलं नाही, ती वरूनच चढली.

आतल्या दवाखान्याच्या खोलीत ताई आडवी होती. डोक्याखाली उशी. तोंडावर मास्क, मास्कची नळी हिरव्या सिलिंडरला. ओठ जांभळे, नखं त्याहून. पण छाती वरखाली होत होती. भाऊजी भिंतीला टेकून उभे होते. ते एकदम बोलायला लागले. पहिल्या जेवणालाच पडद्यावर तास पाहिले. तास पाहिले. मग मी तासभर मशीन चालू ठेवलं, अर्धा तास बंद. अर्धा तास बंद. तिनेच सांगितलं, बंद कर, मी बसते उठून. बंद असताना ती माझ्या मनगटावर बोटाने टकटक करायची, जिवंत आहे म्हणून. शेवटच्या दोन तासांत मशीन पुरेना, ओठ जांभळे पडले, तेव्हा विमानातल्या बाईने सिलिंडर आणला. पुढे एका माणसाला घाबरायला झालं होतं, त्याला देणार होती, पण तिच्याकडे चिठ्ठी होती. चिठ्ठी होती. ३१ क साठी राखून ठेवा, बहिणीने कळवलंय.

म्हणजे त्याने खरंच बघितलं होतं.

तासबाई पलंगापाशी खाली बसली. माफी मागायला तोंड उघडलं. ताईने मास्क बोटभर उचलला. एकेक शब्दाला एकेक श्वास लागत होता.

“उशी,” ताई म्हणाली. “छान. होती.”

आणि मास्क पुन्हा बसला. धाकटीने कंगवा काढला आणि ताईच्या कपाळावरचे केस मागे घेतले, कारण हातांना दुसरं काही करता येत नव्हतं.

विमानतळावरची डॉक्टरीण तरुण होती आणि घाईत होती, पण वाईट नव्हती. ती दोघांना दाराशी घेऊन गेली. म्हणाली, चौदा तास अर्ध्या श्वासावर काढलेत, त्याची किंमत शरीराने भरलीय. आठवडे म्हणत होतात ते विसरा. इस्पितळ दहा मिनिटांवर आहे, तिथे न्या. पण तिथून घरी नेता येईल असं मला वाटत नाही. आणि थेट घरी न्यायचं म्हणत असाल तर अँब्युलन्स देते, पण रस्त्यात काय होईल ते मी लिहून देणार नाही. घर किती वेळावर आहे?

भाऊजींनी सवयीने तासबाईकडे पाहिलं. पलंगावरून ताईनेही पाहिलं. सतरा वर्षांच्या सवयीने.

तासबाईचा डावा डोळा आपोआप मिटला. आकडा ओठांवर आला होता: पन्नास मिनिटं. सतरा वर्षं ती तो रस्ता करत होती, सकाळी सहाला येताना, दुपारी तीनला जाताना. संध्याकाळी साडेसहाच्या गर्दीत, आडव्या माणसाला घेऊन, तिने तो एकदाही केला नव्हता. तिने डोळा उघडला.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली.

मग ती बाहेर गेली आणि अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, तासभर. तिने विचारलं, आत्ता, या वेळेला, त्या दिशेने, कधी गेला होतात. तो म्हणाला, बाई, काल गेलो होतो. किती लागला? सव्वा तास. त्यापेक्षा जास्त कधी लागलाय का? तो वैतागला, मग आठवून म्हणाला, एकदा दोन. तिने आत येऊन डॉक्टरणीला सांगितलं की चार तास पुरेल एवढा ऑक्सिजन गाडीत ठेवा. चार कशाला, डॉक्टरीण म्हणाली. तासबाई तिच्याकडे बघत उभी राहिली, तेव्हा डॉक्टरणीने फोन उचलला आणि सिलिंडर मागवले.

कुठे जायचं ते ताईने ठरवलं. तिला इस्पितळ का घर असं विचारलं तर तिने हात उचलून हवेत एक चौकोन काढला. भाऊजींना कळेना. धाकटीला कळलं. खिडकी.

गाडी निघाली आणि दुसऱ्याच सिग्नलला अडकली. पुढे लाल दिव्यांची रांग वळणापर्यंत. भाऊजी उशी दोन्ही बाजूंनी धरून बसले होते. तासबाई सिलिंडरच्या काट्याकडे बघत होती. काटा हलताना दिसत नव्हता, पण मघाशी होता तिथे तो आता नव्हता. ताईचा श्वास मास्कवर धुकं धरत होता, जात होता, आणि पुढचं धुकं धरायला आधीपेक्षा जरा जास्त वेळ लागत होता. ताईने डोळे उघडले. धाकटीच्या मनगटावर बोटाने टकटक केलं आणि भुवया किंचित वर केल्या. किती राहिलं?

धाकटीने बाहेर पाहिलं. रांग हलली नव्हती.

“आलं की सांगते,” ती म्हणाली, आणि ताईचं बोट मनगटावर तसंच धरून ठेवलं, पुढच्या टकटकीची वाट बघत.